कार्ड, कॉलेज की क्लब: गोल्फ खेळणाऱ्या मुलीपुढच्या तीन वाटा

मुलगी सोळा-सतरा वर्षांची आहे, हँडिकॅप प्लसमध्ये गेलाय (म्हणजे खेळ कोर्सच्या अपेक्षित फटक्यांपेक्षाही सरस), इंडियन गोल्फ युनियनच्या ज्युनिअर स्पर्धांत नाव वरच्या दहांत दिसतंय. बारावी जवळ आली की अशा घरात एकच विषय चालू असतो: लगेच प्रो (व्यावसायिक) व्हायचं, अमेरिकेतल्या कॉलेजात स्कॉलरशिप घ्यायची, की नोकरी-व्यवसाय सांभाळत हौशी खेळाडू, म्हणजे अ‍ॅमॅच्युअर म्हणून खेळत राहायचं? सल्ला देणारे भरपूर भेटतात आणि प्रत्येकाकडे एखाद्या मोठ्या खेळाडूचं उदाहरण तयार असतं. गंमत अशी की प्रत्येक उदाहरण अर्धंच सांगितलं जातं. ती खेळाडू प्रो झाली तेव्हा तिच्या हातात नेमकं काय होतं, हे गाळलं जातं.

आमचं मत आधीच सांगतो. प्रश्न वयाचा नाही आणि बऱ्याच अंशी गुणवत्तेचाही नाही. पुढच्या हंगामात कोणकोणत्या स्पर्धांत प्रवेश नक्की आहे, याची यादी हातात आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे. टूरचं कार्ड, म्हणजे त्या टूरच्या हंगामभराच्या स्पर्धांत खेळण्याचा हक्क, नसताना प्रो होणं हा तिन्हींपेक्षा महागडा चौथा पर्याय आहे, आणि नकळत सगळ्यात जास्त मुली त्यातच अडकतात.

घाईचं एक कारण आता उरलेलं नाही

पूर्वी अ‍ॅमॅच्युअर राहायचं म्हणजे प्रायोजक घ्यायचे नाहीत, जाहिरात करायची नाही, खर्चाला कुणाकडून पैसे घेताना दहा अटी पाळायच्या, असा मामला होता. १ जानेवारी २०२२ पासून गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांनी हे नियम बदलले. आता अ‍ॅमॅच्युअर खेळाडूला प्रायोजक घेता येतो, टोपीवर लोगो लावता येतो, प्रवासखर्च स्वीकारता येतो. बंधनं उरली ती मुख्यतः तीन: एका स्पर्धेत १,००० डॉलर किंवा ७०० पौंडांच्या वरचं बक्षीस घ्यायचं नाही, स्पर्धेत प्रो म्हणून उतरायचं नाही आणि, काही अपवाद सोडून, पैसे घेऊन शिकवायचं नाही. त्यामुळे ‘खर्च भागत नाही म्हणून प्रो झालो’ हे कारण निदान नियमांच्या पातळीवर संपलं आहे. लोगो देणारा प्रायोजक मिळत असेल तर तो अ‍ॅमॅच्युअर असतानाही मिळेल, आणि मिळत नसेल तर केवळ प्रो झाल्याने मिळणार नाही.

थेट प्रो: अदिती, थितिकुल, को आणि वी

आपल्याकडे पहिलं नाव अदिती अशोकचं येतं, आणि तिची वाट नीट तपासण्यासारखी आहे. बंगळुरूच्या या मुलीने डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्कोतली लल्ला आयचा टूर स्कूल, म्हणजे लेडीज युरोपियन टूरची पात्रता स्पर्धा, सतराव्या वर्षी जिंकली. ती उतरली अ‍ॅमॅच्युअर म्हणून. कार्ड मिळालं आणि मग १ जानेवारी २०१६ ला ती प्रो झाली. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्या ऑगस्टमध्ये ती रिओ ऑलिम्पिकला गेली, पहिल्या दोन फेऱ्यांत ६८, ६८ फटके (गोल्फमध्ये जितके कमी तितके चांगले) मारून वरच्या दहांत होती, मग ७९ आणि ७६ झाले आणि ती संयुक्त ४१ व्या स्थानावर घसरली. त्याच नोव्हेंबरमध्ये गुरगावला हिरो विमेन्स इंडियन ओपन आणि पाठोपाठ कतार लेडीज ओपन जिंकली. २०१७ मध्ये एलपीजीए, म्हणजे अमेरिकेतली महिलांची मुख्य टूर, गाठली. टोकियोत एका फटक्याने पदक हुकून चौथी आली. २०२३ मध्ये केनिया आणि स्पेनमध्ये जिंकली, हांगझोऊ एशियाडला शेवटच्या दिवशी सात फटक्यांची आघाडी निसटून रौप्यावर थांबली. लॉस एंजेलिसच्या एलपीजीए स्पर्धेत प्लेऑफमध्ये हरली तीही त्याच वर्षी.

अदितीचा फटका लांब नाही. तिचं बलस्थान ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) आणि ग्रीनभोवती आहे. टोकियोत तिचं पटिंग पाहून जग थक्क झालं खरं, पण फटका आखूड असल्यामुळे एलपीजीएच्या मोठ्या कोर्सेसवर तिला दर आठवड्याला हायब्रिडने (लांब अंतराच्या क्लबने) ग्रीन गाठावं लागतं. लवकर प्रो झाल्याचा हा परिणाम नाही. पण वीस-बावीस वर्षांपर्यंत ताकद कमावायला मिळणारा शांत काळ प्रो खेळाडूला सहज मिळत नाही, हेही खरं. रिओत वडील आणि टोकियोत आई कॅडी (बॅग सांभाळणारा साथीदार) होती, याकडे लोक कौतुकाने पाहतात. त्यात जिव्हाळा आहेच, पण सुरुवातीच्या वर्षांत कॅडीचा पगार वाचणं ही हिशोबातली मोठी रक्कम असते.

थायलंडच्या अथाया थितिकुलने जुलै २०१७ मध्ये लेडीज युरोपियन टूरची स्पर्धा जिंकली तेव्हा ती १४ वर्षे ४ महिन्यांची होती. तरी प्रो झाली २०२० मध्ये. मधली अडीच वर्षं ती अ‍ॅमॅच्युअरच राहिली, २०१८ ची पहिली विमेन्स अ‍ॅमॅच्युअर आशिया-पॅसिफिक जिंकली आणि मोठ्या स्पर्धांत फुकट अनुभव घेतला. २०२१ मध्ये युरोपियन टूरची ऑर्डर ऑफ मेरिट (हंगामी क्रमवारी), २०२२ मध्ये एलपीजीएवर दोन विजय आणि एकोणिसाव्या वर्षी जागतिक क्रमांक एक. भारतीय घरांसाठी अदितीइतकंच हे उदाहरण जवळचं आहे: आशियातली मुलगी, कॉलेज नाही, आधी युरोप, मग अमेरिका. फरक फक्त वाट पाहण्याचा.

लिडिया कोचं उदाहरण मात्र घरात देऊ नये असं आमचं मत आहे, कारण ते कुणालाच लागू पडत नाही. २०१२ मध्ये पंधराव्या वर्षी कॅनेडियन ओपन जिंकून ती एलपीजीएची सर्वांत लहान विजेती ठरली, २०१३ मध्ये तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. दोन्ही वेळा अ‍ॅमॅच्युअर असल्याने विजेत्याची रक्कम दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूकडे गेली. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ती प्रो झाली तेव्हा एलपीजीएने अठरा वर्षांची अट तिच्यासाठी शिथिल केली. सतराव्या वर्षी जगात पहिली. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची अशी: २०१६ च्या जुलैनंतर तिला पुढचा विजय मिळायला एप्रिल २०१८ उजाडला आणि त्याच्या पुढचा एप्रिल २०२१ मध्ये. मधल्या काळात कोच, कॅडी आणि क्लब्स (खेळायच्या काठ्या) सगळं बदललं गेलं. प्रायोजकाच्या करारापायी पूर्ण सेट बदलला की अंतरांचा अंदाज, चेंडूचा उंचावणारा कोन, ग्रीनवरची पकड सगळं नव्याने बसवावं लागतं. प्रो खेळाडूला ते चालू हंगामात बसवावं लागतं, अ‍ॅमॅच्युअरला सुट्टीत. को सावरली, पॅरिसला ऑलिम्पिक सुवर्ण घेऊन हॉल ऑफ फेममध्ये गेली आणि त्याच महिन्यात सेंट अँड्र्यूजला एआयजी विमेन्स ओपनही जिंकली. अशी सावरणारी खेळाडू विरळा.

मिशेल वी ही दुसरी बाजू. २००५ मध्ये सोळावा वाढदिवस तोंडावर असताना ती मोठे करार घेऊन प्रो झाली, पण एलपीजीएची सदस्य नव्हती. त्यामुळे वर्षाला मोजक्या आमंत्रणांवर खेळायचं, मध्येच पुरुषांच्या स्पर्धा, आणि २००७ मध्ये मनगटाची दुखापत. सदस्यत्व मिळालं ते २००८ च्या शेवटी पात्रता फेरीतून, पहिला विजय २००९ मध्ये. मधल्या काळात ती स्टॅनफर्डमध्ये शिकली, पण प्रो असल्याने कॉलेजच्या टीमकडून एकही स्पर्धा खेळू शकली नाही. २०१४ मध्ये पाइनहर्स्टला यूएस विमेन्स ओपन जिंकून तिने स्वतःला सिद्ध केलं, पण एलपीजीएवर एकूण विजय पाचच. पैसे होते, प्रसिद्धी होती, वेळापत्रक नव्हतं. दर आठवड्याला खेळून मिळणारी लय हरवली की प्रतिभा असूनही गुणपत्रक ढासळतं.

दीक्षा डागरचा उल्लेख इथेच करायला हवा. श्रवणदोष असलेली हरियाणाची ही डावखुरी खेळाडू २०१९ मध्ये प्रो झाली आणि त्याच मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेची ओपन जिंकून युरोपियन टूरवर स्थिरावली. एका लवकरच्या विजयाने दोन-तीन वर्षांचा प्रवेश पक्का होतो. कार्ड टिकवण्याची धडपड थांबली की खेळ सुधारायला डोकं मोकळं राहतं. २०२३ मध्ये ती चेक लेडीज ओपनही जिंकली. डेफलिंपिक्समध्ये २०१७ ला रौप्य आणि २०२२ ला सुवर्ण तिने मिळवलं, ते वेगळंच.

कॉलेजमार्गे: ओचोआ, सोरेनस्टाम, झँग, वोड

अमेरिकन कॉलेज म्हणजे करिअर चार वर्षं पुढे ढकलणं, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात मोठ्या खेळाडूंपैकी बऱ्याच जणींनी चार वर्षं पूर्ण केलेलीच नाहीत. मेक्सिकोची लोरेना ओचोआ अ‍ॅरिझोना विद्यापीठात दोन वर्षं होती. खेळलेल्या २० पैकी १२ स्पर्धा तिने जिंकल्या, दुसऱ्या वर्षी सलग सात. मग २००२ मध्ये प्रो होऊन ती लगेच एलपीजीएच्या खालच्या टूरवर खेळली, तिथून कार्ड घेतलं आणि २००३ ची सर्वोत्तम नवोदित ठरली. २७ विजय, दोन मेजर (सर्वांत मानाच्या स्पर्धा), १५८ आठवडे पहिला क्रमांक, आणि २०१० मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्ती.

स्वीडनची अ‍ॅनिका सोरेनस्टाम त्याच विद्यापीठाची, १९९१ ची एनसीएए, म्हणजे अमेरिकन आंतर-कॉलेज, विजेती. १९९२ मध्ये एलपीजीएची पात्रता फेरी तिने एका फटक्याने गमावली. एका फटक्याने! पण तिच्याकडे युरोपचा दरवाजा होता. १९९३ मध्ये ती युरोपियन टूरवर खेळली, तिथे सर्वोत्तम नवोदित ठरली आणि पुढच्या वर्षी एलपीजीएवर होती. पुढे ७२ विजय आणि १० मेजर. ही खेळाडूही पहिल्या प्रयत्नात अडली होती, हे पात्रता फेरीचा अर्ज भरणाऱ्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावं.

रोझ झँगने स्टॅनफर्डकडून २० पैकी १२ स्पर्धा जिंकल्या, २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षं एनसीएएची वैयक्तिक विजेती झाली. असं करणारी ती पहिलीच. जून २०२३ मध्ये प्रो म्हणून पहिलीच एलपीजीए स्पर्धा जिंकली. पदार्पणात जिंकण्याचा असा प्रसंग त्याआधी १९५१ मध्ये घडला होता. तिच्याकडे त्या दिवशी कार्ड नव्हतं, हे खरं आहे. पण आमंत्रणं आणि मेजर स्पर्धांचे प्रवेश होते, म्हणजे यादी होतीच.

इंग्लंडच्या लॉटी वोडचं उदाहरण सगळ्यात ताजं आणि आज सगळ्यात उपयोगाचं. फ्लोरिडा स्टेटची ही विद्यार्थिनी २०२४ ची ऑगस्टा नॅशनल विमेन्स अ‍ॅमॅच्युअर विजेती. एलपीजीएने अ‍ॅमॅच्युअर खेळाडूंसाठी एक गुणपद्धती सुरू केली आहे: मोठ्या अ‍ॅमॅच्युअर स्पर्धा, क्रमवारी आणि मेजरमधली कामगिरी यांचे गुण जमून २० झाले की थेट सदस्यत्व. वोड तिथवर पोहोचलेली पहिली. जुलै २०२५ मध्ये अ‍ॅमॅच्युअर असताना आयरिश ओपन सहा फटक्यांनी जिंकली, एव्हियाँ या मेजरमध्ये संयुक्त तिसरी आली, प्रो झाली आणि लगेच स्कॉटिश ओपन जिंकली. म्हणजे पात्रता फेरीला बगल देणारी वाट आता अ‍ॅमॅच्युअर गोल्फमधूनच जाते.

आता या वाटेवर काय बिघडतं ते. कॉलेजच्या स्पर्धेत एका टीमच्या पाच जणी खेळतात, चौघींचे गुण धरतात. टीममध्ये असतात नऊपर्यंत. म्हणजे चार जणी घरी. प्रवासाची टीम ठरवायला आपसात फेऱ्या होतात. नामांकित विद्यापीठाच्या मोहापायी मुलगी तिथे सहावी-सातवी ठरली तर चार वर्षांत मोजक्या स्पर्धा मिळतात, क्रमवारी घसरते आणि मग प्रो होण्याचं बळही उरत नाही. पहिल्या वर्षीच पाचांत बसेल अशी मधली टीम बऱ्याचदा जास्त शहाणपणाची. कोचला थेट विचारावं: सध्याच्या पाचव्या मुलीची स्पर्धेतली सरासरी किती?

दुसरी अडचण खास आपली. मुंबई-पुण्याच्या क्लबांत मुली लहानपणापासून कॅडी घेऊन खेळतात. बॅग तो उचलतो, अंतर तो सांगतो, पटची ओळही तोच दाखवतो. अमेरिकन कॉलेज गोल्फमध्ये कॅडी नाही. बॅग स्वतः उचलायची किंवा ढकलगाडीवर न्यायची, आणि बऱ्याच स्पर्धांत पहिल्या दिवशी ३६ होल. ३० व्या होलनंतर पाय जड झाले की पट तोकडे पडू लागतात. जायच्या आधी सहा महिने तरी कॅडीशिवाय खेळण्याची सवय लावावी, यार्डेज बुक (कोर्सवरच्या अंतरांची वही) स्वतः बनवावं.

स्कॉलरशिपबद्दलही स्पष्ट बोललेलं बरं. खासगी विद्यापीठाचा वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. पूर्ण, अर्धी, पुस्तकांपुरती अशा सगळ्या प्रकारच्या स्कॉलरशिप असतात. पत्रात किती टक्के, किती वर्षांसाठी आणि कुठल्या अटीवर पुढे चालू राहणार, हे वाचल्याशिवाय होकार देऊ नये. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आयव्ही लीग विद्यापीठं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, फक्त गरजेनुसार मदत देतात. आणि विद्यार्थी व्हिसावर प्रायोजकांच्या पैशांबाबत कडक बंधनं आहेत, त्यामुळे अमेरिकन मैत्रिणीला मिळतो तसा जाहिरातीचा करार सही करण्याआधी विद्यापीठाच्या नियम-कार्यालयाला लेखी विचारावं.

वेळापत्रक: दहावीनंतरच्या १५ जूनपासून कोच थेट बोलू शकतात. त्याआधी मुलीने ईमेल पाठवायला हरकत नाही, उत्तराची अपेक्षा मात्र ठेवू नये. पात्रतेसाठी नववी ते बारावीचे ठराविक १६ विषय आणि त्यांची सरासरी बघतात, म्हणजे नववीचे गुणही मोजले जातात. नववीत ‘यंदा गोल्फवर लक्ष दे’ म्हणून अभ्यास सोडणाऱ्या घरांना हे फार उशिरा कळतं. बारावीनंतर वर्ष मोकळं घेतलं तर खेळण्याच्या पात्रतेचे हंगाम कमी होऊ शकतात. आणि सर्वांत मोठं: प्रो झाल्यावर अर्ज करून, काही काळ थांबून अ‍ॅमॅच्युअर दर्जा परत मिळवता येतो, कॉलेज गोल्फची संधी मात्र तशी परत मिळेल असं धरून चालू नये.

अ‍ॅमॅच्युअरच राहणं

या वाटेला आपल्याकडे कुणी करिअर म्हणत नाही. इतिहास वेगळं सांगतो. ग्लेना कॉलेट व्हेअरने १९२२ ते १९३५ दरम्यान यूएस विमेन्स अ‍ॅमॅच्युअर सहा वेळा जिंकली, तेव्हा महिलांची टूरच नव्हती. एलपीजीए स्थापन झाली १९५० मध्ये, आणि आज सर्वांत कमी सरासरी गुणांसाठी तिथे दिला जाणारा चषक हिच्या नावाचा आहे. फ्रान्सची कॅथरीन लाकोस्त १९६७ मध्ये बाविसाव्या वर्षी यूएस विमेन्स ओपन जिंकली, कधीच प्रो झाली नाही, आणि ती स्पर्धा जिंकणारी एकमेव अ‍ॅमॅच्युअर आहे.

कॅरल सेंपल थॉम्पसन ही मात्र खऱ्या अर्थाने आयुष्यभराची अ‍ॅमॅच्युअर. १९७३ ची यूएस अ‍ॅमॅच्युअर, १९७४ ची ब्रिटिश, पुढे पंचविशीच्या पुढच्या गटाची मिड-अ‍ॅमॅच्युअर १९९० आणि १९९७ मध्ये, आणि १९९९ ते २००२ सलग चार वेळा सीनिअर. कर्टिस कपमध्ये (अमेरिका विरुद्ध ब्रिटन-आयर्लंड अशी हौशी महिलांची सांघिक लढत) बारा वेळा खेळाडू म्हणून. २००८ मध्ये जागतिक हॉल ऑफ फेम. तिच्या कारकिर्दीचा कळस पन्नाशीनंतरचा आहे, ही सोय इतर कुठल्या खेळात मिळेल?

आणि जोअ‍ॅन कार्नर, जी दोन्हीकडची. पाच यूएस अ‍ॅमॅच्युअर विजेतेपदं, १९६९ मध्ये अ‍ॅमॅच्युअर असतानाच एलपीजीए स्पर्धेत विजय, आणि मग १९७० मध्ये तिशीत प्रो. एलपीजीएवर एकूण ४३ विजय, त्यात दोन यूएस विमेन्स ओपन. आजच्या काळात तिशीत प्रो होऊन असं काही होईल असं आम्ही म्हणणार नाही. स्पर्धा फार वाढली आहे, फटके लांबले आहेत. पण अठराव्या वर्षी दार बंद होतं ही भीती मात्र निराधार आहे.

या वाटेची खरी उणीव भारतातली आहे. अमेरिकेत पंचविशीपुढच्या महिलांसाठी वेगळ्या राष्ट्रीय स्पर्धा आहेत. आपल्याकडे कॉलेज संपलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीला तिच्या तोडीची स्पर्धा वर्षाला फारच थोडी मिळते आणि बाकी क्लबच्या मासिक स्पर्धांवर समाधान मानावं लागतं. हे माहीत असून निवडलं तर ही सगळ्यात कमी खर्चाची आणि सगळ्यात टिकाऊ वाट आहे.

पैशांचा हिशोब

लेडीज युरोपियन टूरच्या नेहमीच्या स्पर्धेचं एकूण बक्षीस ३ लाख युरो असतं. विजेतीला १५ टक्के, म्हणजे ४५ हजार. चाळिसाव्या क्रमांकाला दोन हजार युरोंच्या आत-बाहेर. कट (सुरुवातीच्या फेऱ्यांनंतरची छाटणी) हुकला तर काही नाही. काटकसरीने राहूनही विमान, मुक्काम, कॅडी मिळून आठवड्याचा खर्च दोन हजार युरोंच्या वर सहज जातो. समजा वर्षाला २० स्पर्धा, निम्म्यांत कट पार आणि दर वेळी चाळिसाव्या क्रमांकाच्या आसपास: मिळकत साधारण २० हजार, खर्च ४० हजारांहून जास्त. आणि ही तर युरोपच्या मुख्य टूरवरची मुलगी झाली, म्हणजे चांगलीच खेळाडू. एलपीजीएवर आकडे मोठे आहेत, २०२४ च्या यूएस विमेन्स ओपनचं एकूण बक्षीस १ कोटी २० लाख डॉलर होतं. पण तिथे कॅडीला आठवड्याचा पगार आणि वर बक्षिसातला ५ ते १० टक्के वाटा जातो, आणि परदेशात बक्षिसातून कर आधीच कापला जातो. तो भारतात विवरणपत्र भरताना मागायचा तर प्रत्येक स्पर्धेचा कापणीचा कागद जपावा लागतो.

व्हिसाही खर्चाचाच भाग. भारतीय पासपोर्टवर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. युरोपचा उन्हाळी हंगाम त्यात बसवायचा तर मध्ये दोन-तीन वेळा परत यावं लागतं, आणि प्रत्येक फेरी म्हणजे विमानभाडं.

देशातला हिरो विमेन्स प्रो गोल्फ टूर घरापासून जवळ आहे. त्याचे टप्पे पूना क्लब आणि चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीलाही झाले आहेत. पण तिथलं बक्षीस लाखांत मोजायचं, कोटींत नाही. मोठा फायदा असा की अ‍ॅमॅच्युअर मुलींनाही त्यात खेळता येतं, दर्जा न गमावता. त्याच टीवरून, त्याच ग्रीनवर, प्रोंबरोबर.

खेळ तयार आहे का, हे कसं मोजायचं

‘ती पार (कोर्सला ठरवून दिलेले फटके) मारते’ हे माप निरुपयोगी आहे. ज्युनिअर मुली ५,६०० यार्डांवर खेळतात, एलपीजीएचे कोर्स ६,४०० च्या आसपास. फरक ८०० यार्ड, म्हणजे होलमागे सरासरी ४५. मुलीचा ड्राइव्ह २३० यार्ड जात असेल तर ३७० च्या पार चारवर तिला १४० यार्ड उरतात, सेव्हन आयर्न. तोच होल ४१५ चा झाला की १८५ उरतात, म्हणजे हायब्रिड किंवा फेअरवे वुड. सेव्हन आयर्न ग्रीनवर थांबतो, वुड मागे धावतो. घरच्या कोर्सवरचा ७० तिथे सहज ७५ होतो, आणि मुलीला वाटतं आपलं पटिंग बिघडलं.

म्हणून गेल्या २० स्पर्धा-फेऱ्यांचे गुण (एकूण फटके) घ्या, सरावाचे नाही. प्रत्येकातून त्या टीचं (पहिला फटका मारायच्या जागेचं) महिलांसाठीचं कोर्स रेटिंग, म्हणजे तिथून उत्तम खेळाडूला लागणारे अपेक्षित फटके, वजा करा आणि सरासरी काढा. उत्तर शून्याच्या वर, दोन-तीनच्या आसपास असेल तर कॉलेजची मधली टीम योग्य, प्रो नाही. शून्याच्या आसपास असेल तर चांगल्या टीमकडे अर्ज करा. रेटिंगपेक्षा सातत्याने दोन-तीन फटके कमी असतील आणि त्यातल्या निम्म्या फेऱ्या ६,२०० यार्डांपुढच्या असतील तरच पात्रता फेरीचा अर्ज. याबरोबर सगळ्यात वाईट पाच फेऱ्यांची वेगळी सरासरी काढा. कट हुकतो तो वाईट दिवसामुळे, चांगल्या दिवसामुळे नाही. ६८ आणि ७९ मारणाऱ्या मुलीपेक्षा ७२ आणि ७३ मारणारी दर शनिवारी खेळत असते.

मग कुणी काय करावं

खेळ पात्रता फेरीच्या मापात बसतो, घरात दोन वर्षांचा तोटा सोसायची तयारी आहे आणि अभ्यासात मन नाही: डिसेंबरच्या युरोपियन टूर स्कूलला अ‍ॅमॅच्युअर म्हणूनच उतरा. शेवटचा टप्पा ९० होलचा, पहिल्या २० जणींना कार्ड. मिळालं तर अदितीप्रमाणे जानेवारीत प्रो व्हा. नाही मिळालं तर काहीही गमावलेलं नाही. एलपीजीएची पात्रता फेरी अठराच्या आधी शक्यतो डोक्यातून काढा. तिचे टप्पे जास्त, खर्च जास्त आणि शेवटी कार्ड सुमारे २५ जणींना.

खेळ त्या मापाला थोडा कमी पडतो, पण अभ्यास ठीक आहे: कॉलेज. यात आमच्या मनात शंका नाही. स्कॉलरशिप असेल तेवढा खर्च विद्यापीठ उचलतं, ६,००० यार्डांपुढचे कोर्स दर आठवड्याला मिळतात, आणि दोन वर्षांनी खेळ पिकला तर ओचोआसारखं निघता येतं, नाही पिकला तर पदवी हातात असते.

गोल्फ आवडतो पण वर्षाचे तीस आठवडे हॉटेलात काढायचं नाव काढताच मुलगी गप्प होते: ती गप्प होणं गंभीरपणे घ्या. इंजिनिअरिंग, वैद्यकी, सीए काहीही करा आणि अ‍ॅमॅच्युअर राहा.

आणि डिसेंबरमध्ये कार्ड नाही, कॉलेजचं पत्रही नाही, अशा घरांसाठी: जानेवारीत प्रो होऊ नका. त्या वर्षी हिरो टूरच्या टप्प्यांत अ‍ॅमॅच्युअर म्हणून खेळा, विमेन्स अ‍ॅमॅच्युअर आशिया-पॅसिफिकच्या निवडीसाठी क्रमवारी वाढवा, कारण ती जिंकणारीला एआयजी विमेन्स ओपन आणि एव्हियाँ या दोन मेजरचा प्रवेश मिळतो. शिकवण्याचे पैसे मात्र घेऊ नका. क्लबमधल्या दोन मुलांना हौसेने शिकवून फी घेतली की दर्जा गेला, आणि तो परत मिळवण्याच्या अर्जात पुढच्या डिसेंबरची संधीही धोक्यात येते.